दहापासून सुरू होणारा पत्ता

रात्री पावणेबाराला फोनवर मेल आला. "तुमच्या खात्यात नुकतंच नवीन लॉगिन झालं आहे." खाली चार ओळी होत्या. डिव्हाइस: विंडोज. ब्राउझर: क्रोम. ठिकाण: अज्ञात. आयपी अ‍ॅड्रेस: १०.४२.७.१९. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, हे लॉगिन तुम्हीच केलं असेल तर काही करायची गरज नाही.

मी केलं नव्हतं. तासाभरापूर्वीच लॅपटॉप बंद करून झोपायला आले होते. ज्या खात्याबद्दल हा मेल होता, त्यात माझी सगळी कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली आहेत. ओळखपत्रं, घराचे कागद, आईच्या आजारपणातले रिपोर्ट, कितीतरी वर्षांचे फोटो. ते कुणीतरी उघडून बसलंय या विचारानं पोटात गोळा आला.

घाबरलेली असतानाही एक गोष्ट मी केली नाही, ती म्हणजे मेलमधल्या "खातं सुरक्षित करा" या बटणावर बोट ठेवलं नाही. असे मेल खोटेही असतात आणि खोट्या मेलचं सगळं काम त्या एका बटणावरच चालतं. उठून लॅपटॉप उघडला, साइटचा पत्ता हातानं टाइप केला आणि सरळ सिक्युरिटीच्या पानावर गेले. मेल खरा होता. लॉगिनची नोंद तिथेही होती.

खरं तर तिथली यादी बघून माझी भीती दुप्पट झाली. सध्या सुरू असलेली पाच सेशन दिसत होती आणि पाचहीपुढे दहापासून सुरू होणारे पत्ते होते. १०.४२.७.१९, १०.४२.७.२२, १०.४२.८.५, अशा ओळीच्या ओळी. मला वाटलं, एकच माणूस पाच ठिकाणांहून आत शिरलाय. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. तेवढं तरी सुचलं, कारण "सगळीकडून लॉगआउट करा" दाबलं की ती यादी पुसली जाते आणि मग दाखवायला हातात काही उरत नाही. मग सगळ्यांना बाहेर काढलं, पासवर्ड बदलला. कितीतरी दिवस पुढे ढकललेलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, त्याच बैठकीत सुरू केलं. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मेल आणि मोबाइल नंबर माझेच आहेत ना, ते पाहिलं. कुठल्या बाहेरच्या अ‍ॅपला खात्याची परवानगी दिलेली आहे का, कुठली फाइल कुणाला शेअर झालेली आहे का, तेही तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. एकही फाइल हललेली नव्हती.

एवढं झाल्यावर झोपायला हवं होतं. पण तो आकडा डोक्यातून जाईना.

आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्राला मिळालेला आकडी पत्ता, कुठल्या कंपनीचा, कुठल्या देशातला, हे सांगणाऱ्या साइट असतात एवढं मला ठाऊक होतं. तिथे १०.४२.७.१९ टाकून पाहिलं. नकाशा रिकामा आला. दुसऱ्या साइटवर मालकाच्या जागी आयाना या संस्थेचं नाव आलं आणि पुढे लिहिलेलं होतं की हा पत्ता खासगी वापरासाठी राखीव आहे. आयाना म्हणजे जगभरातल्या आयपी अ‍ॅड्रेसची मूळ वाटणी जिच्या हातात असते ती यंत्रणा. त्या रात्री वाचत बसले तेव्हा कळलं, की दहापासून सुरू होणारा अख्खा गट एके काळी आर्पानेटचा होता, म्हणजे ज्या जाळ्यातून पुढे इंटरनेट वाढलं त्याचा. आर्पानेट १९९० साली बंद झालं आणि तो गट मोकळा झाला. पुढे १९९४ मध्ये आरएफसी १५९७ आणि मग फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८, या इंटरनेटच्या कारभाराविषयीच्या दस्तऐवजांनी असं ठरवून दिलं की तीन गट कुणा एकाचे असणार नाहीत. ते कुणीही आपल्या घरात, ऑफिसात, कारखान्यात, आतल्या आत वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर मात्र त्यांना वाट मिळणार नाही. पहिला गट दहापासूनचा सगळा, त्यात १,६७,७७,२१६ पत्ते. दुसरा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत, तिसरा १९२.१६८ ने सुरू होणारा. मधल्या गटाशी फार जण चुकतात. १७२ दिसलं की खासगी असं धरून चालतात, पण १७२.३२ पासून पुढचे पत्ते साधे सार्वजनिक असतात.

खासगी, आतल्या आत, घरात. हे शब्द मी अपरात्री वाचले आणि माझ्या मनानं नको तो अर्थ लावला. म्हणजे जो कुणी आत शिरला, तो माझ्या घरातलाच.

राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. माझा फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, सगळे १९२.१६८.१ ने सुरू होणारे. दहाचा एकही नाही. क्षणभर हायसं वाटलं. आणि मग आठवलं, की भाच्यानं त्याच्या खोलीत वायफाय नीट पोहोचत नाही म्हणून एक जुना राउटर आणून लावलाय. तो गेले सहा महिने शिकायला माझ्याकडे राहतोय. मी फोन त्याच्या वायफायला जोडला, सेटिंगमध्ये जाऊन पत्ता पाहिला. १०.०.०.७.

दहा. माझ्या दृष्टीनं प्रश्न तिथेच सुटला होता. बाकीचे तीन आकडे वेगळे आहेत, याकडे मी बघितलंच नाही. संशयाला एक आकडा पुरतो.

सकाळी तो बाहेर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "काल रात्री माझ्या खात्यात गेला होतास का?"

"कुठल्या खात्यात?"

"कागदपत्रांच्या."

"नाही, मावशी."

"मग तुझ्या राउटरचा नंबर कसा आला?"

त्यानं काही उत्तर दिलं नाही. खिशातून फोन काढला, लॉक उघडलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "बघ तूच." आणि मी तो घेतला. त्याच्या ब्राउझरची हिस्टरी वर-खाली केली, त्याच्यासमोर. काही नव्हतं. फोन परत दिला तेव्हा त्यानं तो घेऊन पालथा ठेवला. अजूनही त्या क्षणाची मला लाज वाटते. तो एकोणीस वर्षांचा आहे, माझ्या बहिणीनं विश्वासानं माझ्याकडे पाठवलाय आणि मी एका मेलमधल्या आकड्यावरून त्याची झडती घेतली.

त्याच दिवशी दुपारी सपोर्टचं उत्तर आलं. रात्रीच मी त्यांना लिहिलं होतं. उत्तराचा सूर असा, की सदर पत्ता खासगी नेटवर्कमधला आहे, त्यामुळे लॉगिन आपल्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या नेटवर्कवरून झालेलं असावं, कृपया घरातल्या व्यक्तींकडे चौकशी करावी. म्हणजे माझा गैरसमज त्यांनी अधिकृत करून दिला. ज्यानं कुणी ते उत्तर लिहिलं त्याच्या मनात वाईट काही नसेल. समोर ठेवलेल्या मजकुरातून त्यानं एक उचलून पाठवला असेल. पण हे उत्तर अशा घरात गेलं असतं जिथे नवरा-बायकोत आधीच संशय आहे, किंवा अशा ऑफिसात जिथे कुणाला तरी काढून टाकायला निमित्तच हवंय, तर काय झालं असतं? हा विचार मला तेव्हा आला नाही, नंतर आला आणि तेव्हापासून तो गेलेला नाही.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. ती सर्व्हर सांभाळण्याचं काम करते, तिचा दिवस या आकड्यांतच जातो. तिला सगळं सांगितलं, भाच्याचंही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी त्याचं नाव यातून काढ. तो निर्दोष आहे की नाही ते मी सांगत नाहीये, पण या आकड्यावरून त्याच्यावर काहीच येत नाही."

"का? त्याचा राउटर दहाचाच आहे."

"तुमच्या ऑफिसात तुझ्या टेबलावर एक्स्टेन्शन आहे ना? नंबर काय?"

"दोनशे चार."

"त्यावरून बाहेर कुणाला फोन लावलास तर त्याला कुठला नंबर दिसतो?"

"ऑफिसचा. मेन नंबर."

"मग समोरचा म्हणाला, की मला दोनशे चारवरून फोन आला होता, तर ते दोनशे चार कुणाचं?"

मी थांबले. माझं दोनशे चार त्याला दिसणं शक्यच नाही. त्याच्या फोनवर दोनशे चार दिसलं असेल, तर ते त्याच्याच ऑफिसातलं असणार.

"तेच," ती म्हणाली. "तू त्यांच्या सर्व्हरपर्यंत जातेस ती तुझ्या राउटरमधून. तो तुझा आतला पत्ता काढून टाकतो आणि बाहेरचा एकच पत्ता लावतो. भाच्याच्या खोलीतून गेलीस तर दोनदा बदलतो, एकदा त्याच्या राउटरवर, एकदा तुझ्या. पोहोचेपर्यंत त्यात दहाही नसतं आणि एकशे ब्याण्णवही नसतं. त्यांना दहाचा पत्ता दिसला तर पहिला संशय त्यांच्याच घरावर जायला हवा."

या पत्ते बदलण्याला नॅट म्हणतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. ते संपणार हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानानं शेवटचे पाच मोठे गट वाटून टाकले. या टंचाईमुळेच आपण सगळे एका सार्वजनिक पत्त्यामागे दाटीवाटीनं राहतो. घरातली दहा उपकरणं बाहेर एकाच नंबरानं ओळखली जातात.

मग ती म्हणाली, "तुझ्याकडे स्क्रीनशॉट आहे ना? त्यात तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपची ओळ शोध. 'हे डिव्हाइस' असं लिहिलेली. तिच्यापुढे काय आहे?"

मी उघडून पाहिलं. १०.४२.८.५.

ज्या लॅपटॉपवर बसून मी ती यादी बघत होते, त्याचाच पत्ता यादीत दहाचा होता आणि रात्रभर तो मला दिसला नव्हता. माझ्या लॅपटॉपचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१४. बाहेरचा पत्ता पूर्णच वेगळा. १०.४२.८.५ हा माझ्या आयुष्यात कुठेच नव्हता. ते पाच दरोडेखोर म्हणजे माझा लॅपटॉप, माझा फोन, टॅब, ऑफिसचा कॉम्प्युटर आणि ते एक अनोळखी सेशन. सगळ्यांच्या तोंडावर एकच मुखवटा चढवलेला.

तरी मैत्रिणीनं मला लगेच निर्धास्त होऊ दिलं नाही आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. तिचं म्हणणं, अशा पत्त्याची कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात. मोठ्या सेवेत तुमची विनंती थेट मुख्य सर्व्हरवर जात नाही. दारात एक लोड बॅलन्सर असतो, तो आलेली माणसं आतल्या वीस-पंचवीस सर्व्हरमध्ये वाटून देतो. आतल्या सर्व्हरनं "माझ्याशी कोण बोलतंय" असं पाहिलं तर त्याला लोड बॅलन्सरच दिसतो आणि त्याचा पत्ता त्यांच्या आतल्या नेटवर्कमधला असतो. खरा पत्ता हरवू नये म्हणून लोड बॅलन्सर विनंतीला एक हेडर, म्हणजे माहितीची एक ओळ, जोडतो, एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाचं, त्यात मूळ पत्ता लिहितो. आतल्या प्रोग्रॅमनं ते हेडर वाचायचं असतं. वाचलं नाही तर जगातला प्रत्येक माणूस त्याला दोन-तीन पत्त्यांवरूनच आल्यासारखा वाटतो.

उलटीही चूक होते, आणि ती तिला जास्त घातक वाटते. ते हेडर म्हणजे नुसता मजकूर असतो. कुणीही आपल्या विनंतीत ते आधीच घालून पाठवू शकतं. मध्ये जेवढे प्रॉक्सी, म्हणजे लोड बॅलन्सरसारखे विनंती पुढे पोहोचवणारे मध्यस्थ, लागतात तेवढे आपापली भर उजवीकडे टाकत जातात. आता प्रोग्रॅमनं डोळे झाकून सगळ्यात डावीकडचा पत्ता उचलला, तर चोरानं तिथे जे लिहिलं तेच सूचनेत छापलं जाईल. त्यानं १०.०.०.१ लिहिलं तर तो आतला माणूस ठरेल. कधी एखाद्या ऑफिसचा प्रॉक्सी प्रामाणिकपणे कर्मचाऱ्याचा आतला पत्ता तिथे लिहितो आणि मग खरोखरच कुणाच्या तरी ऑफिसातला खासगी पत्ता बाहेरच्या सूचनेत येतो. म्हणून उजवीकडून वाचत यायचं, आपल्या ओळखीचे प्रॉक्सी वगळायचे आणि पहिला अनोळखी पत्ता लागेल तो खरा धरायचा. आणि सेवा ऑफिसच्याच सर्व्हरवर असेल, लोक व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या खासगी वाटेनं, आत येत असतील, तर दहाचा पत्ता अगदी योग्यही असू शकतो.

"मग मला कसं कळणार यातलं काय ते?"

"स्वतः लॉगिन करून बघ. वेगवेगळ्या वाटांनी. अंदाज करत बसू नकोस."

वही घेतली, तीन रकाने आखले. कुठून लॉगिन केलं, माझा बाहेरचा पत्ता काय होता, सूचनेत काय आलं. पहिली खेप घरच्या वायफायवरून, ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये, म्हणजे साइटला ते नवीन डिव्हाइस वाटेल. लॉगिनच्या आधी स्वतःचा बाहेरचा पत्ता दाखवणारं पान उघडून तो लिहून घेतला. मेल आला: १०.४२.७.२२. दुसरी खेप वायफाय बंद करून, लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून. बाहेरचा पत्ता पूर्ण बदलला होता, मोबाइल कंपनीचा. मेलमध्ये १०.४२.८.५. तिसऱ्या खेपेसाठी भाच्याच्या दारावर टकटक केली. "तुझ्या राउटरवरून एकदा लॉगिन करून बघायचंय. तू समोर बस." तो काही न बोलता खुर्ची ओढून बसला. मेल यायला तीनेक मिनिटं लागली. १०.४२.७.१९.

त्या रात्रीचा तोच आकडा, जसाच्या तसा.

त्यानं वही स्वतःकडे ओढली आणि रकाने वाचले. मैत्रिणीला मला समजवावं लागलं तितकं त्याला समजावावं लागलं नाही. "म्हणजे हा त्यांचा सर्व्हर आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो. आणि मी तुला विचारायला नको होतं. फोन तर घ्यायलाच नको होता." तो म्हणाला, "ठीक आहे." ते पूर्ण ठीक झालेलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, पण तो तिथेच बसून राहिला आणि सपोर्टला काय लिहायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

दुसरं पत्र पहिल्यासारखं घाबऱ्याघुबऱ्या लिहिलं नाही. "माझं खातं हॅक झालं" असं म्हटलं की उत्तर ठरलेलं येतं, पासवर्ड बदला. त्यामुळे या वेळी विषयाच्या ओळीतच लिहिलं, की तुमच्या सुरक्षा-सूचनेत वापरकर्त्याच्या पत्त्याऐवजी तुमच्याच आतल्या नेटवर्कचा पत्ता येतो आहे. खाली तिन्ही लॉगिनच्या वेळा, वेळेच्या पट्ट्यासकट, म्हणजे टाइम झोनसकट. प्रत्येक वेळचा माझा खरा बाहेरचा पत्ता, त्यांनी कळवलेला पत्ता, स्क्रीनशॉट. मग दोन मागण्या. एक, हे तांत्रिक विभागाकडे पाठवावं. दोन, त्या रात्रीच्या सूचनेमागचं लॉगिन खरोखर कुठल्या पत्त्यावरून आणि नेमकं किती वाजता झालं, ते तुमच्या लोड बॅलन्सरच्या लॉगमधून, म्हणजे तिथे साठलेल्या नोंदींमधून, काढून द्यावं. दुसरी मागणी मैत्रिणीनं सुचवली होती. सूचनेत पत्ता चुकला तरी दारातल्या लोड बॅलन्सरनं खरा पत्ता पाहिलेला असतोच. मात्र असे लॉग कायम ठेवत नाहीत, म्हणून लवकर मागायला हवं होतं.

आणखी एक ओळ मी आग्रहानं घातली. "घरातल्या व्यक्तींकडे चौकशी करा" हा सल्ला अशा प्रकरणात कुणालाही देऊ नये, असं लिहिलं आणि का, तेही लिहिलं.

पाच दिवस काहीच उत्तर नाही. त्या पाच दिवसांत मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट सांगते. पत्ता त्यांचा होता हे कळलं होतं, पण त्यामुळे त्या रात्री कोण आलं होतं हे कळत नव्हतं. उलट तो शोधायचा एकमेव धागा तुटला होता. खासगी पत्ता आहे, तांत्रिक चूक दिसतेय, सोडून द्या, असं म्हणणारे मला दोघे-तिघे भेटले. पण चुकीचा पत्ता छापलेल्या सूचनेमागे खरा चोरही असू शकतो. त्या आकड्यानं ना कुणावर आरोप होतो, ना कुणी सुटतं. भाच्याच्या बाबतीत मी एका टोकाला गेले होते, आता दुसऱ्या टोकाला जायचं नव्हतं. म्हणून रोज सकाळी सेशनची यादी बघत होते.

मधल्या काळात मैत्रिणीशी बोलताना अजून एक गोष्ट कळली, जी माझ्या एका खात्यापेक्षा मोठी आहे. बऱ्याच सेवा एकाच पत्त्यावरून खूप चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ता काही वेळ अडवतात. आता सगळेच वापरकर्ते आतल्या तीन पत्त्यांवरून येताना दिसत असतील, तर एका माणसाच्या चुकांनी हजारोंना दार बंद होईल. नाहीतर तो त्रास नको म्हणून अडवणंच बंद केलं जाईल आणि पासवर्ड ओळखत बसणाऱ्याला मोकळं रान मिळेल. नवीन ठिकाणाहून लॉगिन झालं तर जास्तीची तपासणी करायची, हेही जमणार नाही, कारण जुनं आणि नवीन ठिकाण एकच. सूचनेतली ती ओळ म्हणजे आत काय बिघडलंय याचं बाहेर दिसणारं टोक होतं. सामान्य माणसाला ते टोक दिसतं, म्हणून तर कळवायला हवं.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी लिहिणारा इंजिनीअर असावा, कारण त्यात कुठेही "आपल्या सहकार्याबद्दल" वगैरे नव्हतं. त्यांनी नुकताच लोड बॅलन्सर बदलला होता. प्रोग्रॅममध्ये विश्वासू प्रॉक्सींची एक यादी असते, ज्यांनी लिहिलेलं हेडर मानायचं. त्या यादीत जुन्या यंत्रांचे पत्ते होते, नव्या यंत्रांचे घालायचे राहिले. त्यामुळे प्रोग्रॅमनं हेडर अविश्वासू ठरवून बाजूला टाकलं आणि जोडणीचा पत्ता तोच खरा धरला. यादी दुरुस्त केली आहे, असं त्यांनी कळवलं. शिवाय याच बदलात सूचनांचे मेल काही तास रांगेत अडकून उशिरा जात होते.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. रांगेत अडकून उशिरा. माझं ते लॉगिन पावणेबाराचं नव्हतंच. त्यांच्या लॉगप्रमाणे ते त्याच संध्याकाळी सहा बावन्नला झालं होतं, आणि सोबत दिलेला पत्ता एका मोबाइल कंपनीचा होता. माझ्याच मोबाइल कंपनीचा. मूळ मेलमध्ये "नुकतंच" एवढाच शब्द होता, वेळ दिलेली नव्हती आणि "नुकतंच" म्हणजे मेल आला तेव्हा, असं मी धरून चालले होते.

तरी मोबाइल कंपनीचा पत्ता जुळला म्हणून मी लगेच मान डोलावली नाही. मोबाइलवर एकेका सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा आणखी एक गट खास सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. माझ्याच पत्त्यामागे तेव्हा एखादा परका माणूसही असू शकत होता. म्हणून पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडला. त्या दिवशी संध्याकाळी सहा अठ्ठावन्नला मी बहिणीला आईचा एक रिपोर्ट पाठवला होता. लगेच सगळं आठवलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून, ऑफिसचा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून, दुसऱ्याचं यंत्र म्हणून प्रायव्हेट विंडो उघडून मी तो रिपोर्ट काढला होता. सहा मिनिटांचं काम. विंडोज, क्रोम, हॉटस्पॉट, सगळं जुळत होतं. घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं होतं.

बहिणीला फोन करून भाच्याचं सगळं सांगितलं. त्यानं तिला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्याच रात्री शेवटचं एक लॉगिन केलं, दुरुस्ती खरोखर झाली आहे का ते बघायला. भाचा शेजारी बसला होता. आधी त्याच्या फोनवर, त्याच्या राउटरवरून, बाहेरचा पत्ता दाखवणारं पान उघडलं, मग माझ्या लॅपटॉपवर घरच्या वायफायवरून. दोन्हीकडे एकच पत्ता होता. प्रायव्हेट विंडो उघडून लॉगिन केलं. मेल मिनिटाच्या आत आला. त्यात आता वेळही होती, तासमिनिटांसकट, वेळेच्या पट्ट्यासह. त्यानं मेलमधला पत्ता मोठ्यानं वाचायला घेतला, एकेक आकडा, आणि मी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा अठ्ठ्याऐंशी. वहीतही अठ्ठ्याऐंशी.

"जुळला," तो म्हणाला. वही मिटून त्यानं माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मावशी, माझ्या खात्यावर ते टू-स्टेप कसं सुरू करायचं, दाखवतेस?"